आधी नाही, मग हो

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातलं चिंचपाडा हे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं गाव. इथलं ख्रिश्चन मिशनचं हॉस्पिटल आसपासच्या मावची, भिल्ल, कोकणा पाड्यांच्या ओळखीचं आहे. तरीही कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नंदुरबारच्या पाड्यांवर लोक लस घ्यायला कचरतात, अशा बातम्या येत होत्या. अडाणीपणा, अफवा, भगत ही कारणं शहरात बसून लगेच सुचतात. गरोदर बाईच्या बाबतीत ती मला पटत नाहीत.

कारण हीच बाई गरोदरपणात धनुर्वाताचं इंजेक्शन घेते. नर्सबाई सांगतात, आशाताई आठवण करतात, ती दंड पुढे करते. सुईची भीती असती तर तिथेच दिसली असती.

मग कोरोनाच्या लशीलाच नकार का? तारखा पाहा. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झालं. त्याच्या दोनच दिवस आधी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवलं होतं की, गरोदर आणि स्तनदा मातांवर चाचण्या झालेल्या नाहीत, त्यांना लस देऊ नये. स्तनदा मातांना परवानगी मे महिन्यात मिळाली. गरोदर स्त्रियांना मिळाली २ जुलैला. तोवर दुसरी लाट ओसरली होती. साडेपाच महिने ‘तुमच्यासाठी नाही’ म्हणणारं सरकार एका दिवसात ‘घेऊ शकता’ म्हणू लागलं. नकार देणारी बाई आधीचाच सरकारी सल्ला पाळत होती. तिला भित्री कसं म्हणायचं?

या उशिराची किंमत लहान नव्हती. मुंबईच्या नायर रुग्णालयातल्या नोंदींनुसार कोरोनाबाधित गरोदर आणि बाळंत स्त्रियांमधलं मृत्यूचं प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के होतं. दुसऱ्या लाटेत ते ५.७ टक्क्यांवर गेलं. ही मुंबईची गोष्ट. रक्तक्षय आणि सिकलसेल सर्रास आढळणाऱ्या नंदुरबारच्या पाड्यांवर ऑक्सिजनची घसरण किती महागात पडत असेल, हे सांगायला वेगळ्या आकड्याची गरज नाही. अमेरिकेत मात्र गरोदर स्त्रीला लस घ्यायची की नाही हे ठरवण्याची मुभा डिसेंबर २०२० पासूनच होती.

चाचण्यांतून गरोदर स्त्रीला वगळण्यामागे थॅलिडोमाइडची भीती आहे. १९६० च्या आसपास त्या औषधामुळे हजारो मुलं व्यंग घेऊन जन्मली. गंमत अशी की, ते औषध गरोदरपणात पुरेसं तपासलंच गेलं नव्हतं. आणि धडा काय घेतला, तर गरोदर स्त्रीला तपासणीबाहेरच ठेवायचं!

नवापूरला सरकारी साथनियंत्रणाचा अनुभव आधीही होता. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू इथे सापडला आणि लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. पांढरे पोशाख घालून गावात शिरलेली माणसं लोकांनी तेव्हाच पाहिली होती. त्यात लस घेतल्यावर ताप आला तर दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबाची दुसऱ्या डोसची तारीख कोण सांभाळणार? सासू ‘नको’ म्हणते तेव्हा तिच्या डोक्यात हा सगळा हिशेब असतो.

म्हणून जनजागृतीच्या भिंतपत्रकांवर माझा फारसा भरवसा नाही. पुढच्या साथीत लशीच्या सुरुवातीच्या सुरक्षितता-चाचण्या पार पडल्या की लगेच गरोदर स्त्रियांना, त्यांच्या संमतीने, चाचणीत घ्यायला हवं. आणि निष्कर्ष काहीही निघो, तो मावचीत, भिलीत सांगायचं काम ओळखीच्या नर्सबाईंकडे द्या. त्या कामाचा मोबदलाही द्या.