‘म्हणे’ कुठे गेलं?

२६ जुलै २००५ ला मुंबईत किती पाऊस पडला? गुगलला विचारलं की ९४४ मिलिमीटर हे उत्तर लगेच येतं. ते खरं आहे, पण सांताक्रूझच्या वेधशाळेपुरतं. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७४ मिलिमीटरच्या आसपास पाऊस नोंदला गेला. दोन्हींत अंतर जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. शिवाय हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणजे ही मोजणी २७ तारखेच्या सकाळपर्यंतची. त्या दुपारी फोर्टातल्या ऑफिसातून निघालेल्यांना अंधेरी-कुर्ल्याकडे काय वाढून ठेवलंय याची कल्पना का नव्हती, ते या दोन आकड्यांवरून कळतं. ‘मुंबईत’ हा शब्दच त्या प्रश्नात ढिला होता.

पावसाची गोष्ट तिथे संपली नाही. दोन दिवसांनी, २८ जुलैच्या रात्री, जुहूच्या नेहरूनगर वस्तीत बातमी पसरली : धरण फुटलंय, त्सुनामी येतेय. लोक अरुंद गल्ल्यांतून पळत सुटले. चेंगराचेंगरीत किमान पंधरा माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. धरण फुटलं नव्हतं. आज निवांत बसून नकाशा उघडला तर दिसतं की विहार आणि पवई तलावांचं पाणी मिठी नदीतून माहीमच्या खाडीला जातं, जुहू तिच्या वाटेवर नाही. पण कडेवर पोर घेऊन अंधारात उभ्या असलेल्या बाईने नकाशा बघायचा होता का?

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय अशी त्याला शंका येते, पण तो स्वतःची समजूत घालतो आणि प्रवाशांना रवाना करतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, ते सुखरूप पोचलं असतं तरी मालक तितकाच दोषी, कारण विश्वास ठेवण्याचा हक्क त्याने कमावला नव्हता. पुरेशा पुराव्याशिवाय विश्वास ठेवणं चूकच, कुणासाठीही, कधीही.

मला हा नियम नेहरूनगरच्या बाबतीत क्रूर वाटतो. दोनच दिवसांपूर्वी शहर बुडालेलं पाहिलेल्या माणसाने धरणाची बातमी ऐकून पळणं गैर नाही. खातरजमेचं ओझं पळणाऱ्यावर नाही. ते सांगणाऱ्यावर आहे.

आणि सांगणाऱ्यासाठी मराठीत एक छोटासा शब्द कधीचा तयार आहे : ‘म्हणे’. ‘धरण फुटलंय’ आणि ‘धरण फुटलंय म्हणे’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या वाक्यात बोलणारा कबूल करतो की मी पाहिलेलं नाही, ऐकलंय. ऐकणाऱ्याला लगेच विचारता येतं, कोण म्हणे? फॉरवर्डमध्ये नेमका हाच शब्द गळतो. मेसेज दहाव्या माणसाकडेही पहिल्याच आत्मविश्वासाने पोचतो. प्रोग्रामिंगमध्ये कोडची प्रत्येक ओळ कुणी, कधी बदलली याची नोंद राहते, आणि काही बिघडलं की आम्ही आधी तिथे जातो. माणसांच्या बोलण्याला अशी नोंद नसते, एक ‘म्हणे’ तेवढा असतो.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. त्या वर्षी मुलं पळवण्याचे मेसेज देशभर फिरत होते. त्यांतला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या, मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेची जाहिरात होती. मूळ जाहिरातीत पळवलेलं मूल शेवटी परत आणून दिलं जातं. तो शेवट कुणीतरी कापला होता. एक चित्र थांबवून इमेज सर्चमध्ये टाकलं तर मूळ गोष्टीचा माग लागू शकतो, हे तंत्र तेव्हाही उपलब्ध होतं. व्हॉट्सअ‍ॅपने त्याच महिन्यात भारतात फॉरवर्डवर पाच चॅट्सची मर्यादा आणायचं जाहीर केलं. त्याने वेग कमी होतो. ‘म्हणे’ परत येत नाही.

आता तर सर्च केलं की वर यंत्राने रचलेलं उत्तर येतं, स्वच्छ आणि ठाम. खाली दुवे असतात, पण ते उघडणं आपल्यावर सोडलेलं असतं.

आपल्या पिढीपुढची अडचण मात्र वेगळी आहे. शोधायचं कसं हे आपल्याला बऱ्यापैकी येतं. फॅमिली ग्रुपवर बोरिवलीचे काका काही टाकतात, ते खोटं असल्याचं दोन मिनिटांत कळतं, आणि मोठ्यांना चारचौघांत कसं टोकायचं म्हणून सगळे गप्प बसतात. ही शालीनता की क्लिफर्डच्या जहाजमालकाचीच समजूत? मला दुसरी शक्यता जास्त वाटते. काकांना वेगळा मेसेज करता येतो : ‘काका, हे कुठून आलं?’ उत्तर येतं, ‘सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं.’ पुढचा प्रश्न, ‘तिथे कुणी टाकलं, विचाराल का?’ बहुतेक संभाषणं इथे अडतात. क्वचित एखादे काका खरंच विचारायला जातात, आणि तासाभराने लिहितात, ‘त्यांनाही कुणीतरी पाठवलं होतं म्हणे.’