दोष कोणाचा?

जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाकडे पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारले, हा असा जन्मला तो याच्या पापामुळे की आईबापाच्या? योहानच्या शुभवर्तमानातील हा प्रसंग आपण उपवासकाळात ऐकतो. शिष्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही. आजारी मूल जन्मले की आपणही तेच विचारतो. फक्त म्हणतो, "त्यांच्या घराण्यातच काहीतरी असेल." आणि हे 'त्यांचे घराणे' बहुतेक वेळा सुनेचे माहेर असते.

टे-सॅक्स नावाचा एक दुर्मीळ आजार आहे. १८८१ साली लंडनचे डॉक्टर वॉरन टे यांना एका बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर लाल ठिपका दिसला. पुढे न्यूयॉर्कचे डॉ. बर्नार्ड सॅक्स यांनी आजाराचे सविस्तर वर्णन केले. बाळ जन्मते ते छान गुटगुटीत. तीन ते सहा महिने सारे ठीक चालते. मग ते बारीकशा आवाजालाही दचकू लागते. सावरलेली मान पुन्हा पडते, पालथे होणे विसरते, नजर जाते, झटके येतात, शेवटी घोट गिळता येत नाही. शरीरात एक विकर तयार होत नसल्यामुळे एक स्निग्ध पदार्थ मेंदूच्या पेशींत साठत जातो. बहुतेक बाळे चार-पाच वर्षांपलीकडे जगत नाहीत. जनुकोपचाराचे प्रयोग चालू आहेत, पण खात्रीचा इलाज आजही नाही. भारतातही अशी मुले आढळली आहेत.

दोष कोणाचा? आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच हा आजार होतो. ते दोघे स्वतः ठणठणीत असतात, त्यांना काही ठाऊकही नसते. दर गरोदरपणी चारात एक एवढी शक्यता. म्हणजे सुनेकडे बोट दाखवणाऱ्या सासूबाईंच्या घरातूनही अर्धा वाटा आलेलाच असतो.

न्यूयॉर्कचे यहुदी धर्मगुरू जोसेफ एकस्टाईन यांची चार मुले या आजाराने गेली. त्यांनी १९८३ साली 'दोर येशोरिम' ही संस्था काढली. तरुण मुलामुलींचे रक्त तपासायचे, प्रत्येकाला नुसता एक क्रमांक द्यायचा. सोयरीक ठरण्याआधी दोन्ही क्रमांक कळवले की जोडी जुळते की नाही एवढेच सांगतात. एरवी कोणामध्ये काय आहे ते त्या मुलाला वा मुलीलाही सांगत नाहीत, म्हणजे कोणाला डाग लागत नाही. ज्याने चार मुले पुरली, त्याला दुसऱ्याच्या मुलीची अब्रू जपण्याचे सुचले, याचे आम्हाला फार वाटते. आपल्याकडे रक्ताचा एक रिपोर्ट गावभर व्हायला किती वेळ लागतो?

लग्नाआधी तपासणी करून घेण्यात गैर काही नाही. सख्ख्या चुलत, मामे, आतेभावंडांच्या विवाहाला तर ख्रिस्तसभेच्या कायद्यातच मज्जाव आहे. पण गर्भ राहिल्यावर कळले तर? तिथे ख्रिस्तसभा ठाम आहे, ते मूल मारता येत नाही. हे सांगणे आपल्याला सोपे, त्या जोडप्याला भयंकर अवघड. 'गर्भपात नको' म्हणणाऱ्याने मग पुढची चार वर्षे त्या घराची पायरी चढायला नको का? एक रात्र बाळाजवळ बसले तर आईला डोळा लागेल. बहुतेक घरांत पहिल्या महिन्यात माणसे येतात, मग काय बोलावे ते सुचत नाही म्हणून येत नाहीत.

आईबापाने प्रत्येक यंत्र लावलेच पाहिजे असेही ख्रिस्तसभा म्हणत नाही. २०२० साली व्हॅटिकनने काढलेल्या 'समारितानुस बोनुस' या पत्रात हे आले आहे: आजार बरा होणारा नसला तरी शुश्रूषा थांबत नाही, पण मरण नुसते लांबवणारे उपचार नाकारता येतात. म्हणून कृत्रिम श्वास नको म्हणणाऱ्या बापाला कोणी निर्दयी म्हणू नये. तो रात्रभर बाळाचे ओठ ओले करीत असतो.

असे बाळ रविवारच्या मिस्सेला आणले तर घंटी वाजताच ते दचकून रडेल. आई त्याला घेऊन मागच्या बाकावर, दाराजवळ बसेल. आपण मान वळवून पाहू. तिला ठाऊक आहे आपण पाहणार ते, म्हणून ती बहुधा येतच नाही.