नाव गेलं, गणपती राहिला

२०१७ ते २०२० या तीन वर्षांत युरोपियन संघाच्या शिखर बैठकांना दोन पंतप्रधान असे हजर राहत, ज्यांची वडिलांकडची मुळं आपल्याच किनारपट्टीवर होती. आयर्लंडचे लिओ वराडकर आणि पोर्तुगालचे अंतोनियो कोस्टा. वराडकरांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, कोस्टांच्या वडिलांचं घराणं मडगावचं. दोन्ही ठिकाणांत अंतर काही तासांचं. वराडकरांच्या आडनावात अख्खं गाव शाबूत आहे. त्यांची आई मात्र आयरिश, त्यांचा स्वतःचा जन्म डब्लिनचा, संस्कार कॅथलिक. कोस्टांचं आडनाव गोव्यातल्या जुन्या धर्मांतरांच्या काळातलं, शुद्ध पोर्तुगीज. लिस्बनमध्ये ते कुणाच्याही कानाला खटकत नाही. पण घरच्यांनी त्यांना हाक मारली ती ‘बाबुश’ अशी कोकणीतून.

वराडकर पंतप्रधान झाले तेव्हा मराठी वर्तमानपत्रांना केवढं भरतं आलं होतं! २०१९च्या डिसेंबरात ते कुटुंबासह वराडला आले, तेव्हा गाव लोटलं. कोस्टांबद्दल गोव्यात कौतुक झालं, महाराष्ट्रात फारशी कुणी दखल घेतली नाही. शेवटी ‘कर’ लागलं की माणूस आपला, हा आपला जुना हिशेब. त्याच्या पोटात आणखी एक समजूत दडलेली असते : नाव टिकलं तर संस्कृती टिकली, नाव बदललं तर माणूस परका झाला. घरदार सोडून दूर गेलेल्या कुटुंबांचा इतिहास पाहिला तर ही समजूत फार वेळा खोटी ठरते.

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचंच पाहा. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, असं त्यांची परंपरा सांगते. या लोकांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. आडनावं गावांवरून पडली : पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहिमकर, चेऊलकर. पहिली नावंही मराठी वळणाची झाली. सॅम्युएलचा सामाजी झाला, एझेकिएलचा हसाजी. मुंबईत मांडवी भागात १७९६ मध्ये या समाजाचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं, ते इंग्रजी फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलं. नुसतं नाव वाचून त्यांना ज्यू कोण म्हणेल? पण शनिवारची विश्रांती, मुलग्यांची सुंता आणि ‘शेमा’ ही प्रार्थना या माणसांनी पिढ्यानपिढ्या जपली होती, नावाचा कसलाही टेकू न घेता.

पुढे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा आल्या, छापील बायबल आलं आणि सामाजीचा पुन्हा सॅम्युएल झाला. आडनाव तसंच राहिलं. हिंदी चित्रपटांतले लाडके चरित्र अभिनेते डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. तिन्ही शब्द एका माणसाचे, आणि त्यातला एकही उसना नाही.

१९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येनं इस्रायलला गेला. तिथे नव्या राष्ट्राला नवी हिब्रू नावं हवी होती. बेन-गुरियन मूळचे ग्रून, शॅरेट मूळचे शेर्टोक, एश्कोल मूळचे श्कोल्निक, गोल्डा मेयर १९५६ पर्यंत मेयरसन. देशाच्या पहिल्या चारही पंतप्रधानांनी आधीची आडनावं टाकली होती. अशा हवेत पेणकर आणि दिवेकर जाऊन पोहोचले. आडनाव उच्चारलं की माणूस कुठून आला ते कळे, आणि कळणं नेहमी सुखाचं नव्हतं. १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठानं आदेश काढला : बेने इस्रायली माणसाचं लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी त्याच्या पूर्वजांची चौकशी करावी. समाज रस्त्यावर उतरला. १९६४ मध्ये धर्मपीठाला माघार घ्यावी लागली.

बेने इस्रायलींपैकी काहींनी हिब्रू आडनावं घेतली, पुष्कळांनी ‘कर’ सोडलं नाही. आज नातवंडं हिब्रू बोलतात, मराठी आजी-आजोबांबरोबर मागे पडत चालली आहे. मात्र शुभप्रसंगी प्रेषित एलियाच्या नावानं पोहे-खोबऱ्याचा मलिदा तिथेही होतो. कोकणात मराठी नावांखाली ज्यू धर्म टिकला होता, इस्रायलमध्ये हिब्रू बोलणाऱ्या घरात कोकणातलं ताट टिकलं.

मॉरिशसची कथा याहून कठोर आहे, कारण तिथे निवडीला जागाच नव्हती. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर त्या बेटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडचे लोकही होते. पोर्ट लुईच्या धक्क्यावर प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. मग वहीत नाव, बापाचं नाव, जात, गाव, उंची, अंगावरच्या खुणा. कारकुनाच्या कानावर जे पडलं ते त्याच्या स्पेलिंगात उतरलं. बापाचं पहिलं नाव मुलाचं आडनाव झालं आणि पुढच्या सगळ्या वंशाला चिकटलं. स्वातंत्र्यानंतर मॉरिशसची सत्ता बहुतांश काळ ज्या घराण्यांकडे राहिली, ती रामगुलाम आणि जगन्नाथ ही दोन्ही मुळात माणसांची पहिली नावं. त्या वह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. मूळ गावाचा शोध घेणारे वंशज तिथे येतात, तेव्हा वहीतला तोच रुक्ष क्रमांक त्यांच्या उपयोगी पडतो.

तिथल्या कितीतरी मराठी कुटुंबांची नावं आज आपल्याला ओळखूही येणार नाहीत. घरात क्रिओल चालते. तरी गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांमध्ये मराठी शिकता येते. नावाची मोडतोड झाली, गणपती राहिला.

मग नावाचं महत्त्वच नाही का? आहे, पण ते दुसरीकडे. नाव बदललं का, यापेक्षा कुणाच्या सोयीसाठी बदललं हा खरा प्रश्न. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर अधिकाऱ्यांनी स्थलांतरितांची नावं बदलून टाकली, ही अमेरिकेतली लोकप्रिय आख्यायिका आहे. इतिहासकार सांगतात की ते अधिकारी जहाजाच्या यादीवरूनच काम करत. नावं बदलली ती बहुधा कुटुंबांनी स्वतः, पुढे नोकरी-धंद्यासाठी. बाजाराची ही सक्ती कुणी कागदावर लिहिलेली नसते. टोरांटोतल्या एका अभ्यासात अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी मालकांना हजारो बनावट अर्ज पाठवले. शिक्षण आणि अनुभव तोलामोलाचा असूनही भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी नावांपेक्षा इंग्रजी नावांना मुलाखतीची बोलावणी किमान एक-तृतीयांश जास्त आली. न्यू जर्सीत जन्मलेला गुजराती नट कल्पेन मोदी ‘कॅल पेन’ झाला तो याच हिशेबानं, आणि भूमिकांसाठी जास्त बोलावणी येऊ लागली असं त्यानंच सांगितलं आहे. अमेरिकेतले मराठी आईबाप आता बारशाआधीच सावध असतात : माया, नील, अन्या. आजीलाही म्हणता यावं, शाळेतल्या बाईंनाही. ही तडजोड असली तरी ती त्यांनी स्वतः केलेली आहे, एवढा मान त्यांना द्यायला हवा.

हा मान आपण आपल्या घरात किती देतो? एका घरातून दुसऱ्या घरात कायमची राहायला जाणारी नवी नवरी हीदेखील स्थलांतरितच. तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिण्याची प्रथा अजून पुरती संपलेली नाही. तिला आधी विचारणारे आज वाढले आहेत, ही चांगली गोष्ट. सोसायटीच्या दारावरच्या नेपाळी माणसाला मात्र अजून कुणी विचारत नाही. तो कुणीही असो, तो ‘बहादूर’. उत्तरेतून आलेला सुतार आणि दूधवाला दोघेही ‘भैया’. ईशान्येकडून पुण्याला शिकायला आलेल्या मुलीला जे म्हटलं जातं ते छापण्याजोगं नाही. परदेशात कुणी ‘कुलकर्णी’चा चुकीचा उच्चार केला की आपण दुखावतो, आणि इथे दुसऱ्याचं सबंध नाव गिळून टाकतो.

यावर उपायाला कायदा लागत नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेत एवढा ठराव करा की वॉचमन, सफाई कामगार आणि घरकाम करणाऱ्या बाई यांची नावं रजिस्टरमध्ये पूर्ण लिहिली जातील, ते स्वतः सांगतील तशी, त्यांना दाखवून. आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच नावानं हाक मारा.