दानपत्रावरील पूर्वज

भिवंडीच्या वेशीला लागून असलेल्या शेलार गावी माझे एक वयोवृद्ध स्नेही राहतात. गतवर्षी वडिलोपार्जित जमिनीच्या वारसनोंदीचा प्रसंग त्यांच्यावर आला, आणि तलाठ्याकडे द्यावयाची वंशावळ नीट मांडून द्यावी म्हणून त्यांनी मला बोलावून घेतले. शेजारच्या यंत्रमागांची खटखट ऐकत आम्ही ओटीवर कागद पसरला. मयतांच्या नावापुढे 'मयत' लिहायचे, लेकींच्या नावापुढे हक्कसोड झाली की नाही ते पाहायचे, असा क्रम चालला असता पणजोबांच्या वडिलांपाशी आमची गाडी अडली. ते नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हते. "राहू द्या हो," स्नेही म्हणाले, "त्यांच्या नावावर काही निघत नाही."

हे वाक्य मी घरी घेऊन आलो.

शेलार हे नाव ऐकले की उत्तर कोकणच्या शिलाहारांची आठवण होते, आणि शेलार आडनावाचा उगम त्या कुळात शोधणारे विद्वानही आहेत. नामसादृश्य हा पुरावा नसल्याने मी त्या वाटेला जात नाही. मात्र याच भिवंडी तालुक्यातील भादाणे गावाच्या नावाने प्रसिद्ध असलेला शिलाहार अपराजिताचा शके ९१९चा, म्हणजे इ. स. ९९७चा, ताम्रपट मला त्या ओटीवरच आठवला होता. आषाढ वद्य चतुर्थीस, दक्षिणायनाच्या संक्रांतीच्या पर्वकाळी, या महामंडलेश्वराने भादाणे गाव लोनाडच्या लोणादित्याच्या, म्हणजे सूर्यदेवाच्या, पूजेअर्चेसाठी दिला, एवढाच त्या सनदेचा व्यवहार. परंतु तो सांगण्यापूर्वी अपराजित आपल्या कुळाची सारी मालिका उभी करतो. आणि विशेष हे की, ज्या राष्ट्रकूटांचे त्याचे पूर्वज मांडलिक होते, त्यांचीही वंशावळ देऊन, चालुक्य तैलपाने कक्कलाचा पाडाव केला आणि ते राज्य केवळ आठवणीपुरते उरले, याबद्दल हळहळ व्यक्त करतो. राष्ट्रकूट बुडून दोन तपे होत आली होती. त्यांच्याकडून मिळण्यासारखे काही शिल्लक नव्हते. विजेत्या तैलपाला स्वामी म्हणण्याचे मात्र त्याने टाळले आहे. यात निष्ठा किती आणि स्वतंत्र झाल्याचा अभिमान किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. मी निष्ठेला थोडे अधिक माप घालतो.

दानपत्रात पूर्वजांचे काम काय, याचे उत्तर धर्मशास्त्रात आहे. भूमी दिल्यावर राजाने तिचा लेख करावा, तो कापडावर अथवा तांब्याच्या पत्र्यावर असावा, त्यात आपल्या वंशातील पुरुषांची व स्वतःची नावे लिहावीत आणि वर आपली मुद्रा उठवावी, म्हणजे पुढे येणाऱ्या भल्या राजांना ते कळेल, असे याज्ञवल्क्य स्मृती सांगते. बाराव्या शतकात या स्मृतीवर जी विस्तृत टीका झाली, ती याच शिलाहार कुळातील अपरादित्याच्या नावाची, 'अपरार्क' या संज्ञेने ओळखली जाणारी आणि पुढे काश्मीरपर्यंत मान्यता पावलेली. तात्पर्य, ज्या घराण्याने असे ताम्रपट खोदविले, त्याच घराण्यात त्या विधीचा अर्थ लावणारा ग्रंथही निपजला. या कुळाची जी वंशावळ इतिहासाला आज उपलब्ध आहे, तिचा फार मोठा भाग कोणाला तरी काही देण्याच्या दस्तऐवजांवरच टिकून राहिला आहे. आम्ही ओटीवर बसून लिहिली ती घेण्यासाठी होती.

पण या दानाची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. गाव दिला म्हणजे गावाचा महसूल दिला, आणि तो महसूल कुळंब्याच्या घामाचा होता. दात्याच्या हातून सुटला तो केवळ वसुलीचा हक्क. शिवाय 'न मम' म्हणून सोडलेल्या वस्तूवर स्वतःच्या सात पिढ्यांची नावे कोरावयाची, आणि दान हिरावून घेणाऱ्याला नरकाची भीती घालावयाची, यात ममत्व सुटले कोठे? त्या काळच्या कोकणातील गद्धेगाळ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही विसंगती चटकन जाणवेल. वर शांतपणे चंद्र-सूर्य कोरलेले, आणि खाली दान मोडणाराच्या आईला उद्देशून गाढवाचे ते शिल्प, जे लेकीबाळींसमवेत असता पाहावत नाही. माझ्या मते त्या दात्यांना आपल्या पुण्याची शंका नव्हती. शंका होती ती वारसांची. पूर्वजांची रांग लिहिली ती येणाऱ्या वंशजाला लाज वाटावी म्हणून.

फ्रान्समधील शाँपाञ प्रांताचा सरदार झ्याँ द ज्वाँव्हील याची गोष्ट येथे आठवते. इ. स. १२४८मध्ये नवव्या लुई राजाबरोबर धर्मयुद्धास निघताना त्याने जमिनीचा मोठा भाग गहाण टाकला, आपल्या माणसांना बोलावून, माझ्याकडून कोणावर अन्याय झाला असल्यास सांगा, मी भरपाई करतो, असे विचारले, आणि अनवाणी यात्रा करून पुढे जाताना आपल्या गढीकडे वळून पाहिले नाही. तेथे दोन मुले होती, मन द्रवेल अशी त्याला धास्ती होती. तोच ज्वाँव्हील ऐंशी ओलांडल्यावर, १३११मध्ये, क्लेर्व्होच्या मठातील पणजोबांच्या थडग्यासाठी घराण्याची हकीकत स्वतः रचतो. तारुण्यात ज्या घराकडे मान वळवली नाही, त्याच घराचे पूर्वज म्हातारपणी एकेक करून मोजावेसे वाटावेत, यात मला दांभिकपणा दिसत नाही. सुटलेल्या माणसालाच मागे वळून निर्धास्त पाहता येते.

शिलाहार स्वतःला जीमूतवाहनाचे वंशज म्हणवीत. गरुडाचे भक्ष्य होण्याची पाळी एका नागावर आली असता त्याच्या जागी वध्यशिलेवर स्वतः जाऊन बसणारा तो विद्याधर राजपुत्र; शिलेवरचा आहार म्हणून शिलाहार, अशी व्युत्पत्तीही त्यावरून सांगतात. ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरत नसेल. पण पूर्वज निवडावयाचाच तर दिग्विजयी चक्रवर्ती सोडून स्वतःचा देह देणारा निवडावा, ही रुची थोर आहे. आणि याच कुळाच्या ध्वजावर सोन्याचा गरुड होता! ज्याने पूर्वजाला चोचीने फाडले त्यालाच निशाणावर मिरविण्याइतके वैर विसरणे साऱ्याच घराण्यांना जमत नाही. आमच्याकडे बांधाच्या एका हातासाठी तीन पिढ्या दिवाणी दावे चालतात.

या घराण्याचा शेवट समुद्रावर झाला. यादव महादेवाशी लढताना, इ. स. १२६५च्या सुमारास, अखेरचा राजा सोमेश्वर बुडाला. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा त्याला समुद्र बरा वाटला, असे हेमाद्रीने विजेत्याच्या दप्तरातून लिहून ठेवले आहे. त्यापूर्वी जेमतेम पाव शतक, शके ११६१मध्ये, लोनाडजवळच्या चौधरपाड्याच्या शिलालेखात याच कुळातील राजा केशिदेवाने महाशिवरात्रीला दिलेले दान चिरकाल चालावे म्हणून कोरले गेले होते.

लोनाडला आज गेल्यास दृष्टीस पडते ते शिवाचे देऊळ. भादाणे गाव भिवंडी तालुक्यात अजून आहे, आणि तेथील सातबाऱ्यावर ज्याच्या त्याच्या खातेदाराचे नाव आहे.