सुई मध्यावर होती

मामाने त्याचा जुना पेंटॅक्स के-१००० मला दिला तेव्हा एवढंच म्हणाला, "यात ऑटो नाही. फोटो बिघडला तर तो तूच बिघडवलेला असेल." मी हसले. त्याचं म्हणणं कळायला ३६ फोटोंचा एक अख्खा रोल खर्ची पडला.

हे मॉडेल १९७६ मध्ये बाजारात आलं. बॅटरी फक्त प्रकाश मोजणाऱ्या सुईसाठी. ती संपली तरी कॅमेरा चालतो. लेन्सवरच्या एका रिंगने फोकस करायचा, दुसऱ्या रिंगने अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, लहान-मोठं करायचं. वरच्या चकतीने शटर किती वेळ उघडं राहणार ते ठरवायचं. डोळा लावला की उजव्या कडेला सुई दिसते. ती मध्यावर आली की प्रकाश 'बरोबर'.

मार्केट यार्डात भुसार विभागात मैत्रिणीच्या वडिलांचा गाळा आहे. तिथे आत उभी राहून मी शिकत होते. बाहेर ट्रकवर कडक ऊन होतं आणि एक हमाल काका पाठीवर पोतं घेऊन दारातून आत येत होते. ते चालत होते म्हणून मी शटर २५० वर ठेवलं, अ‍ॅपर्चरची रिंग फिरवत सुई मध्यावर आणली आणि बटण दाबलं.

प्रिंट आली. बाहेरचा ट्रक लख्ख दिसत होता, पोत्याची कड उन्हात चमकत होती आणि खाली वाकलेली एक काळी आकृती होती. मला फोटो प्रचंड आवडला. इन्स्टावर टाकला, भरपूर लाइक आले. कोणीतरी 'श्रमाचं सौंदर्य' असंही लिहिलं.

उत्साहाने प्रिंट काकांना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी ती उजेडात धरून नीट पाहिली आणि म्हणाले, "पोतं आपल्याच गाळ्यातलं आहे. माणूस कोण?"

सुई तर मध्यावर होती! मग चुकलं काय? सुई चौकटीतल्या सगळ्या प्रकाशाची सरासरी काढते. बाहेर ऊन जास्त होतं, म्हणून तिने प्रकाश कमी घ्यायला सांगितलं आणि सावलीतला चेहरा बुडाला. सुई खोटं बोलली नव्हती. त्या चौकटीत माझ्यासाठी महत्त्वाचं काय आहे, हे तिला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. ते मी ठरवायचं होतं आणि मी ठरवलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, फोनने हा फोटो चांगला काढला असता. खरंय. फोन चेहरा शोधतो, झटपट अनेक फोटो घेऊन ते जोडतो आणि सावलीतला माणूसही उजळ करतो. जुना कॅमेरा जास्त प्रामाणिक असतो वगैरे मला म्हणायचं नाही. पण फोन तसं करतो, कारण काय दिसायला हवं हे कोणीतरी आपल्याआधी ठरवून ठेवलेलं असतं. असं आधीच ठरलेलं 'बरोबर' नेहमी सगळ्यांसाठी बरोबर असतंच असं नाही. कोडॅकच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला 'शर्ली कार्ड' वापरत. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. तिची त्वचा बरोबर आली की काम झालं. सावळ्या-काळ्या चेहऱ्यांचे बारकावे मात्र हरवायचे. त्यासाठी कोणी दुष्ट असायची गरज नव्हती. कार्डावर कोण आहे हे कोणी विचारलं नाही, तेवढं पुरलं.

मामाने उपाय सांगितला: चेहऱ्याच्या इतकं जवळ जा की चौकटीत फक्त चेहरा राहील, तिथे सुई मध्यावर आण, मग आकडे न बदलता मागे ये. हे चोरून करता येत नाही. विचारावंच लागतं.

"काका, तुमचा फोटो काढू?"

"थांब," म्हणाले. पोतं उतरवलं, टॉवेलने तोंड पुसलं, टोपी सरळ केली.

मला पोतं हवं होतं. 'राहू द्या ना ते पाठीवर' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेव्हा कळलं, पहिल्या फोटोत चेहरा नुसत्या सुईमुळे गेला नव्हता. मला तो नकोच होता.

ओझं वाहणाऱ्याला माणूस म्हणून हक्क मिळावेत यासाठी याच शहरात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. आणि मी कॅमेरा घेऊन पुन्हा पोत्याकडेच बघत होते.

शटर ६० वर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. इतक्या कमी वेगात चालता माणूस हलका पुसट येतो. काका माझ्यासाठी थांबले म्हणून जमलं. मागचं ऊन जळून पांढरं झालं, ट्रक दिसेनासा झाला. समोर टोपी सरळ केलेला, थोडा अवघडलेला माणूस. या फोटोला फार लाइक मिळणार नाहीत.

काकांनी प्रिंट खिशात ठेवली आणि गावी पाठवायला आणखी एक मागितली. इन्स्टावरच्या पहिल्या फोटोचं काय करू, असं मी विचारलं.

"राहू दे की," ते म्हणाले. "त्यात मी कुठंय?"

त्याच दुपारी मी तो डिलीट केला.