दुखत नाही म्हणून

मावशीच्या देवघरात उदबत्तीच्या पुड्याशेजारी बीपीच्या गोळ्यांचं पाकीट असतं. परवा पाहिलं, तर दहातल्या सात गोळ्या तशाच. "अगं, डोकं दुखत नाही, चक्कर नाही. उगाच कशाला रोज औषध पोटात घालायचं?"

एकाहत्तरीतही मावशीला सगळ्या भाचरांच्या जन्मतिथी तोंडपाठ आहेत. तिला धास्ती आहे ती शेजारच्या काकांसारखं होण्याची. काका स्वतःच्याच घराची बेल वाजवतात आणि दार उघडणाऱ्या सुनेला विचारतात, "इथे कोण राहतं?"

त्या धास्तीचा आणि या पाकिटाचा संबंध आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बीपी म्हटलं की आपल्याला हार्ट अटॅक आठवतो, फार तर अर्धांगवायू. मेंदूच्या आत खोलवर रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या मात्र अगदी बारीक असतात. वर्षानुवर्षं जास्त दाब सोसून त्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, पलीकडचा भाग उपाशी राहतो, कुठे कुठे तिळाएवढा मरतोही. तोंड वाकडं होत नाही, हात लुळा पडत नाही. दुखत तर नाहीच. स्मृती मात्र हळूहळू विरत जाते.

चीनच्या खेड्यांत झालेला एक अभ्यास मला फार आवडतो. ३२६ गावं, जवळपास ३४ हजार माणसं, सगळी चाळिशीपुढची आणि बीपी आटोक्याबाहेर गेलेली. निम्म्या गावांत बीपी आटोक्यात आणायचं काम गावातल्याच साध्या वैद्यकीय कार्यकर्त्यांकडे दिलं. ठरलेल्या पद्धतीने गोळ्या कमीजास्त करायच्या, घरी बीपी मोजायला शिकवायचं, मीठ-वजनाबद्दल मागे लागायचं आणि दाब १३०/८० च्या खाली आणायचा. चार वर्षांनी त्या गावांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण इतर गावांपेक्षा १५ टक्क्यांनी कमी निघालं. निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पंधराच टक्के, म्हणून नाक मुरडू नये. गेलेली स्मृती परत आणणारी गोळी आजही कुठल्या दुकानात मिळत नाही, आणि ही तर जुनी, स्वस्त औषधं.

वय आणि आईबापांकडून आलेलं रक्त आपल्या हातात नाही. दाब बऱ्याच अंशी आहे. त्यातही चाळिशी-पन्नाशीतला दाब म्हातारपणीच्या मेंदूला जास्त भोवतो, म्हणजे मावशीपेक्षा माझ्या वयाचा.

हे सगळं सांगून झाल्यावर मी यंत्र काढलं. मावशीला पाच मिनिटं गप्प बसवलं (हेच सगळ्यात अवघड), पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून, हात टेबलावर. १५८/९४. "आता तू," म्हणत तिने पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला. मी सेहेचाळीस वर्षांची. डोकं दुखत नाही, चक्कर नाही.

१४६/९२. दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं, १४४/९२. शनिवारची डॉक्टरांची वेळ दोघींसाठी घेतली आहे.