आवतण

जरा बसा. पाठ टेकवा. श्वास येतोय तसा येऊ द्या. त्याला आज शिस्त लावायची नाही.

यवतमाळ जिल्ह्यातलं एखादं गाव डोळ्यांपुढे आणा. श्रावण सरत आलाय. काळ्या मातीत कपाशीची पराटी वाढतेय, हवेत ओल आहे. पोळ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. जुवानं घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला कुणी हळद-तूप चोळतंय, पळसाच्या पानानं हलकेच शेकतंय. मग त्याच्या कानाशी वाकून म्हणतंय, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायले या.’

इथं थोडं थांबा.

बैलाला हे कळतं का, असा प्रश्न मनात आला असेल तर येऊ द्या. तुम्ही फक्त आवाज ऐका. वर्षभर ज्याच्यावर ओरडलो त्याच्याशी बोलताना तो किती खाली आलाय! झोपत्या लेकराला गोष्ट सांगणाऱ्याचा आवाजही असाच असतो.

आता त्या लेकराकडे वळा. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. गोष्ट तुम्हाला पाठ आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, ऋद्धपूरला, म्हाइंभटांनी 13व्या शतकात सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’तही ती आहे. म्हणजे सातशे वर्षांहून अधिक काळ तो कावळा मराठीत भिजतोय, दार वाजवतोय.

मोठी माणसं या गोष्टीतून घर पक्कं बांधायचा धडा काढतात. लेकराला पक्कं घर नको असतं. ते दाराबाहेर, कावळ्याजवळ उभं असतं. ‘चिऊताईनं लवकर दार का नाही उघडलं?’ त्याच्या प्रश्नाला उत्तर शोधू नका. तो प्रश्न तुमच्या छातीत कुठं लागतो, तेवढं बघा. तिथंच काही क्षण राहा.

कुणी शेवट कडक ठेवतं, कुणी दार उघडून कावळ्याला चुलीपाशी बसवतं. हा बदल बरेचदा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांनी घडवलेला असतो. गोष्ट सांगणारा एक आणि घडवणारे दोन.

पोळ्याचा दुसरा दिवस उजाडतो. तान्हा पोळा. चाकांचा लाकडी बैल दोरीनं ओढत पोरं दारोदार निघतात. बैल लाकडाचा आहे हे पोराला पक्कं ठाऊक असतं. तरी दगड आला की ते त्याला जपून उचलतं. खरं आणि मानलेलं, दोन्ही एकाच मुठीत धरायला त्याला अडचण पडत नाही.

आता थोडं अवघड काही मनात घेऊ. श्वासाची सोबत सोडू नका.

हा यवतमाळ जिल्हा टिपेश्वर अभयारण्यातल्या वाघांचाही आहे. 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली अवनी वाघीण 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री राळेगाव तालुक्यात मारली गेली. तिचे दोन बछडे मागं राहिले. कापूस वेचायला गेलेलं माणूस घरी न आल्यावर त्याच्या अंगणात काय झालं असेल, ते मनात आणा. मग आईविना रानात फिरणारे बछडे आठवा. एकाला जागा देण्यासाठी दुसऱ्याला बाहेर काढावंसं वाटतं का, ते बघा. घाई नको. दोघांनाही आत बसू द्या.

वाघ आणि बैलाच्या मैत्रीची गोष्ट सांगितली म्हणून लेकरू वाघापुढं जात नाही. भीती त्याच्यापाशी शाबूत असते. पण भीतीच्या शेजारी एक पाट मांडलेला असतो. हळुवार गोष्ट एवढंच करते. पाट मांडते.

आज रात्री कुणाला गोष्ट सांगाल, तर शेवटी तात्पर्य विचारू नका. गप्प बसा. अंधारात ‘मग?’ असं येईल, किंवा ‘पुन्हा सांग’, किंवा नुसता संथ श्वास.

त्या शांततेत मनाशी बघा: माझ्या दाराशी कोण भिजत उभं आहे? आणि शेवटचं आवतण मी कुणाला दिलं होतं?